मधाचं पाणी

तिला दोन झाली, पण तिला एकच ठाऊक आहे.

दर चार तासांनी मी गजांशी जाते,
स्टीलच्या वाटीत मधाचं पाणी घेऊन.
वाटी गजाला टेकली की किण्ण वाजतं.
शुएलिंग मान वर करते, जीभ बाहेर,
आणि तिच्या काखेतलं
सोललेल्या मुळ्याएवढं गुलाबी पिल्लू
थांगदादा अलगद काढून घेतात,
दुसरं ठेवतात.
पेटीतल्या उबेतून आणलेलं,
तिच्याच मुताचा बोळा फिरवून
तिच्या वासाचं केलेलं.
वाटी चाटूनपुसून होते तोवर काम झालेलं असतं.
ती हुंगते, चाटते, छातीशी धरते.
काचेपलीकडे लोक मोबाइल उंच धरून
‘माया बघा किती’ म्हणतात.
त्यांचं काही चूक नाही.

नवव्या दिवशी आई आली.
मिंगशानच्या चहाच्या मळ्यांतून, दोन बस बदलून,
मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन.
अठरा वर्षं मी इथे आहे, ती पहिल्यांदाच.
गर्दीत उभी राहायला नको म्हणून
थांगदादांनी तिला आमच्या खोलीत पडद्यासमोर बसवलं.
पानं खुडून काळी पडलेली तिची बोटं
बरणीच्या झाकणावर, एकमेकांत अडकवलेली.

दुपारची अदलाबदल तिने पाहिली.
काही बोलली नाही.
संध्याकाळची पाहिली.
मग म्हणाली, “हिला मध तरी देता.”

आमच्या घरात त्सुईचं नाव कुणी घेत नाही.
माझ्यानंतर अकरा मिनिटांनी झालेली,
तीन आठवड्यांची असताना
लशानच्या मावशीकडे दिलेली.
मला ते कळलं शेजारणीकडून, चौथीत असताना,
आणि तेव्हापासून मी एक हिशोब मांडत आले:
ठेवली ती मी, म्हणजे मी धडधाकट,
मी गुणी, मी निवडलेली.
पांडाची आईही तेच करते ना,
जोमाचं उचलते, लेचंपेचं फरशीवर सोडते.
नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात आम्हाला हे.

“दूध एकीपुरतंच होतं,” आई पडद्यालाच सांगत होती.
“त्सुई ओढून प्यायची. कुणाच्याही हातून, बाटलीनेसुद्धा.
कुठेही जगली असती ती.
तू चमच्याला तोंड लावायची नाहीस.
तुला पाठवलं असतं
तर नदी ओलांडेपर्यंत टिकली नसतीस.”
मग तिने आधीच घट्ट असलेलं झाकण
आणखी घट्ट केलं.
“थांब्यापर्यंत मीच नेली तिला.
परत येताना हात कुठे ठेवावेत कळेना.”

मी पेटीचं तापमान तपासलं.
ते बरोबर होतं.
पुन्हा तपासलं.

रात्री ती खुर्चीतच झोपली, माझा कोट पांघरून.
दोन वाजता मी वाटी घेऊन गेले.
किण्ण.
शुएलिंगने मान वर केली, पण जीभ काढली नाही.
पंजा पिल्लावर तसाच.
माझ्याकडे बघत राहिली,
किंवा वाटीकडे. त्या काळ्या वर्तुळांतून
काही कळत नाही.
थांगदादांनी खुणेने विचारलं, काढू?
मी नको म्हटलं, आणि तिथेच ओल्या फरशीवर बसले.
दुसरं पेटीत चिरकत होतं.
पाणी हातात निवत गेलं.
शेवटी तीच सरकली, हळू, ढुंगणावर,
आणि प्यायली.

नोंदवहीत मी लिहिलं:
२.४०. अदलाबदल. चाळीस मिनिटं उशीर.
कारणाचा रकाना कोरा सोडला.

सकाळी टेबलावर एकच बरणी होती.
फाटकाशी पोचले तेव्हा
दुसरी मांडीवर घेऊन आई खिडकीशी बसलेली,
बस सुटत होती.
मी हात हलवला, पाटी वाचली.
मिंगशानची नव्हती.